अंगणात रानपाखरे यावीत म्हणून: पाणी, झाडे, लाकडी घरटे आणि सर्वांत शेवटी दाणे

पक्षी घराजवळ यावेत असे वाटले की बहुतेक जण आधी बाजारातून दाण्यांचा फीडर आणतात, तो गॅलरीत टांगतात आणि थोड्याच दिवसांत पारव्यांची, म्हणजे शहरी कबुतरांची, झुंड जमली की वैतागून काढून टाकतात. यात दोष उत्साहाचा नाही, क्रमाचा आहे. युरोप-अमेरिकेत बर्फ पडला की पक्ष्यांचे अन्न झाकले जाते, त्यामुळे तिकडच्या पुस्तकांत फीडरला पहिला मान मिळतो. महाराष्ट्रात टंचाईचा काळ मार्च ते जूनच्या सुरुवातीपर्यंतचा असतो आणि ती टंचाई आधी पाण्याची, मग सावलीची, मग घरटे करण्याजोग्या जागेची असते. म्हणून नवख्या माणसाने आधी पाणी ठेवावे, मग झाडे लावावीत, त्यानंतर लाकडी घरटे टांगावे आणि दाण्यांचा विचार सर्वांत शेवटी करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढील मार्गदर्शन याच क्रमाने दिले आहे आणि ते बंगल्याच्या अंगणाला, गावाकडच्या परसाला आणि थोड्या फरकाने सोसायटीतल्या गॅलरीलाही लागू पडते.

सुरुवातीचा आठवडा: फक्त पाहणी

काहीही विकत घेण्यापूर्वी आठवडाभर सकाळी अर्धा तास अंगणात शांत बसावे आणि परिसरात आधीपासून कोण आहे ते टिपून ठेवावे. आपण परिसरात नसलेला पक्षी निर्माण करू शकत नाही. जो आसपास आहे त्याला आपल्या कुंपणाच्या आत येण्याचे कारण तेवढे देऊ शकतो. महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांत आणि गावांत चिमणी, साळुंकी, दयाळ, लालबुड्या बुलबुल, शिंपी, शिंजीर, होला, तांबट, कोकीळ आणि भारद्वाज एवढे पक्षी थोड्या लक्षाने दिसतात किंवा निदान ऐकू येतात. जरा झाडी असेल तर चष्मेवाला, नाचण आणि सातभाईंचा कलकलाट यांची भर पडते.

पाहताना प्रत्येक पक्षी काय खातो आणि कोठे वावरतो याचीही नोंद करावी, कारण पुढची सगळी व्यवस्था तिच्यावर ठरते. दाणे खाणारे पक्षी मोजके असतात: चिमणी, मुनिया, होला आणि पारवा. बुलबुल, तांबट आणि कोकीळ फळांवर येतात, शिंजीर फुलांतल्या मधावर येतो, तर दयाळ, शिंपी, नाचण आणि सातभाई मुख्यतः किडे खातात. म्हणजे दाण्यांचा फीडर कितीही सुंदर असला, तरी वरच्या यादीतल्या बहुतेकांना त्याचा उपयोग नाही.

पाणी

पाण्याच्या एका भांड्याने जेवढे पक्षी येतात तेवढे दुसऱ्या कशानेही येत नाहीत, कारण दाणे खाणारा असो वा किडे खाणारा, पाणी प्रत्येकाला लागते आणि पिण्याइतकीच अंघोळीचीही गरज असते. भांडे मातीचे, पसरट आणि खडबडीत असावे. कुंभाराकडे मिळणारा मोठा परळ उत्तम. त्याची रुंदी ३० ते ४० सेंटिमीटर असावी आणि मध्यभागी पाण्याची खोली पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी. कडेला ती एक-दोन सेंटिमीटरच हवी, कारण लहान पक्षी आधी कडेला उभा राहून अंदाज घेतो आणि मगच आत उतरतो. काचेचे, स्टीलचे किंवा चकचकीत चिनी मातीचे भांडे निसरडे असते. धातूचे भांडे उन्हात तापते ते वेगळेच. घरात खोलगट भांडेच असेल तर त्यात विटेचा किंवा कौलाचा तुकडा असा ठेवावा की तो पाण्याच्या थोडा वर राहील. मधमाश्यांनाही त्याचा आधार होतो आणि त्या बुडून मरत नाहीत.

जागा निवडताना दोन परस्परविरोधी गोष्टी सांभाळाव्या लागतात. पक्ष्याला धोका दिसताच जवळच्या फांदीवर उडून जाता आले पाहिजे, पण मांजराला दबा धरता येईल अशी दाट झुडपे भांड्याला चिकटून नसावीत. झुडपापासून साधारण दोन मीटर अंतर आणि भांड्याच्या वर एखादी फांदी, ही तडजोड चांगली ठरते. मांजरांचा वावर असेल तर भांडे जमिनीवर न ठेवता कमरेइतक्या उंचीच्या कट्ट्यावर किंवा लोखंडी तिवईवर ठेवावे. दुपारच्या उन्हात पाणी चटकन तापते, विशेषतः विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात. त्यामुळे दुपारी सावली पडेल अशीच जागा हवी.

आता डासांविषयी, कारण शेजाऱ्यांचा पहिला आक्षेप तोच असतो आणि तो रास्त आहे. डेंग्यू पसरवणाऱ्या डासाच्या अळीचा डास व्हायला आठवड्याच्या आसपास वेळ लागतो, त्यामुळे रोज बदललेल्या पाण्यात डास तयार होऊ शकत नाही. मात्र या डासाची अंडी पाण्याच्या रेषेलगत भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. म्हणून नुसते पाणी ओतून नवे भरणे पुरेसे नाही. कडा नारळाच्या काथ्याने किंवा ब्रशने घासायला हव्यात. दोन परळ आणावेत, एक वापरात ठेवावा आणि दुसरा घासून दिवसभर उन्हात वाळवावा, आणि दुसऱ्या दिवशी त्यांची अदलाबदल करावी. त्यामुळे शेवाळही धरत नाही आणि पक्ष्यांचे रोगही पसरत नाहीत.

ज्यांना आणखी थोडे करायचे आहे त्यांनी परळाच्या वर बारीक छिद्र पाडलेली पाण्याची बाटली किंवा लहान मडके टांगावे. थेंबांच्या आवाजाने आणि पाण्यावर उठणाऱ्या तरंगाने पक्षी लांबून आकर्षित होतात. शिंजीर आणि चष्मेवाला यांना भांड्यापेक्षा ओल्या पानांत अंग घासून अंघोळ करणे आवडते, तेव्हा झाडांना पाणी देताना पानांवरही फवारा मारावा. चिमण्यांना याउलट धुळीची अंघोळ लागते. अंगण पूर्ण फरसबंद करण्याची सध्याची हौस त्यांना मारक आहे. कोपऱ्यात हातभर कोरडी, भुसभुशीत माती उघडी ठेवली तरी त्या तेथे रोज लोळायला येतात.

झाडे

झाडांच्या बाबतीत एकच कसोटी लावावी: या झाडावर किडे, फळे किंवा मध यांपैकी काय मिळते? शोभेच्या परदेशी झाडांवर पुष्कळदा तिन्हींपैकी काहीच नसते. कढीपत्ता हे लहान अंगणासाठी मला सर्वांत उपयोगी वाटणारे झाड आहे. त्याची काळी पिकलेली फळे बुलबुल आणि कोकीळ आवडीने खातात, आणि त्याच्या व लिंबाच्या पानांवर वाढणाऱ्या फुलपाखरांच्या अळ्या पिल्लांच्या तोंडी जातात. तुती, पेरू, शेवगा आणि केळ ही पुढची निवड. शेवग्याच्या फुलांवर आणि केळफुलावर शिंजीर हमखास येतो. कुंडीत जास्वंद, अडुळसा किंवा रुक्मिणी लावता येते. कुंपणाला मेंदीची दाट रांग असेल तर लहान पक्ष्यांना लपायला आणि घरटे करायला जागा मिळते. आवार मोठे असेल तर पांगारा जरूर लावावा, कारण उन्हाळ्याच्या तोंडावर त्याच्या लाल फुलांवर साळुंक्या, कोतवाल आणि शिंजीर यांची रीघ लागते. उंबर तर पक्ष्यांसाठी अन्नछत्रच, पण त्याची मुळे भिंतीत शिरतात, म्हणून घरापासून दूरच. घाणेरीची फळे पक्षी खातात हे खरे. तरीही ती लावू नये, कारण तिच्या बिया पसरतात आणि तिने आपल्या माळरानांचे पुरेसे नुकसान केले आहे.

शिंजिरासाठी साखरेचे पाणी भरलेले लाल फीडर ऑनलाइन मिळतात. ते मुळात अमेरिकेतल्या हमिंगबर्डसाठी बनवलेले आहेत आणि आपल्या उष्ण हवेत त्यांतले पाणी फार लवकर आंबते. जास्वंदीच्या दोन कुंड्यांनी तेच काम होते.

कीटकनाशके मात्र पूर्ण बंद करावी लागतील. दाणे खाणारी चिमणीसुद्धा आपल्या पिल्लांना सुरुवातीला मुख्यतः किडे आणि अळ्या भरवते, तेव्हा मावा आणि अळ्या दिसताच फवारणी करणाऱ्या अंगणात पिल्ले वाढणे कठीण. वाळलेला पालापाचोळा झाडाखाली राहू द्यावा. दयाळ आणि सातभाई तो उलटापालटा करून किडे शोधतात. कोपऱ्यातली कोळ्याची जाळीही सगळी झाडून टाकू नयेत, कारण शिंजीर, शिंपी आणि चष्मेवाला घरटे विणताना तीच वापरतात.

लाकडी घरटे

येथे सर्वाधिक गैरसमज आहेत, म्हणून जरा विस्ताराने सांगतो. लाकडी पेटीत फक्त तेच पक्षी राहतात जे निसर्गतः ढोलीत किंवा फटीत घरटे करतात: आपल्याकडे प्रामुख्याने चिमणी, दयाळ आणि साळुंकी. बुलबुल झुडपात वाटीसारखे घरटे करतो, शिंपी रुंद पाने शिवतो, शिंजीर वेलीला किंवा गॅलरीतल्या तारेला पिशवी लोंबकळवतो, आणि तांबट वाळलेल्या फांदीत स्वतःच ढोली कोरतो. यांपैकी कोणीही पेटीत पाऊल ठेवणार नाही. बुलबुलासाठी पेटी टांगण्याऐवजी झुडूप दाट होऊ द्यावे, आणि तांबटासाठी धोकादायक नसलेली वाळकी फांदी तोडू नये, हेच त्यांचे घरटे.

चिमणीची गोष्ट वेगळी आहे. जुन्या घरांच्या वळचणी, कौलांखालच्या फटी, भिंतीतले कोनाडे आणि भिंतीवर तिरप्या लावलेल्या तसबिरींच्या मागची जागा ही तिची घरे होती. सिमेंटच्या सपाट भिंतींत आणि सरकत्या काचेच्या खिडक्यांत तशी फट उरत नाही. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिन पाळला जातो आणि त्या दिवशी पुष्कळ ठिकाणी घरटी वाटली जातात. वाटण्याचा हेतू चांगला असला, तरी तोवर चिमण्यांची वीण सुरू झालेली असते. मला विचाराल तर घरटे टांगण्याचा योग्य मुहूर्त नोव्हेंबरचा. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो (मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांच्या मधला आठवडा). तेव्हा टांगलेल्या पेटीचा नवा वास उन्हावाऱ्याने जातो आणि उन्हाळा लागेपर्यंत पक्ष्यांना ती सवयीची होते.

पेटी घरी किंवा ओळखीच्या सुताराकडून सहज करून घेता येते. १५ सेंटिमीटर रुंद, दीड सेंटिमीटर जाड आणि सुमारे दीड मीटर लांब अशी एकच फळी पुरते. आंबा, फणस, साग असे कोणतेही साधे लाकूड चालेल, मात्र ते रसायन किंवा व्हार्निश लावलेले नसावे. त्या फळीतून मागची बाजू ३५, पुढची २०, छप्पर २४ आणि तळ १२ सेंटिमीटर लांबीचा कापावा. उरलेल्या फळीतून ४५ सेंटिमीटरचा तुकडा घेऊन तो मध्ये तिरपा कापावा, म्हणजे दोन बाजू मिळतात, प्रत्येकीची एक कड २५ आणि दुसरी २० सेंटिमीटर. उंच कड मागच्या फळीला आणि बुटकी कड पुढच्या फळीला जोडली की छपराला आपोआप उतार येतो. तळ चारही फळ्यांच्या आत बसवावा आणि त्याच्या कोपऱ्यांत पाच मिलिमीटरची चार छिद्रे पाडावीत, म्हणजे आत आलेले पाणी निघून जाते. बाजूच्या फळ्यांत छपराच्या जरा खाली हवेसाठी दोन-दोन बारीक छिद्रे ठेवावीत. छप्पर खिळ्यांनी कायमचे ठोकू नये. मागच्या फळीला जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी लावून ते बिजागरीसारखे उघडते ठेवावे आणि पुढे एक आकडा लावावा. त्या पट्टीमुळे मागच्या फटीतून पाऊसही झिरपत नाही.

सर्वांत महत्त्वाचे माप प्रवेशाच्या भोकाचे. चिमणीसाठी ते ३२ मिलिमीटर व्यासाचे असावे आणि त्याचा मध्य पुढच्या फळीच्या वरच्या कडेपासून साडेचार सेंटिमीटर खाली यावा. भोक याहून बरेच मोठे झाले की साळुंकी आत शिरते आणि चिमणीला हुसकावते, आणि ते खाली घेतले तर कावळ्याची किंवा मांजराची झेप पिल्लांपर्यंत पोहोचते. बाजारातल्या अनेक घरट्यांना भोकाखाली बसण्यासाठी एक काडी असते. ती उपटून टाकावी. चिमणीला तिची गरज नसते, उलट शिकाऱ्याला तेथे टेकता येते. पुढच्या फळीची आतली बाजू करवतीच्या दातांनी ओरखडून खडबडीत करावी, म्हणजे पिल्लांना वर चढता येते. रंग आतून मुळीच लावू नये. बाहेरून जवसाच्या तेलाचा हात दिला तर लाकूड टिकते. पत्र्याची आणि प्लास्टिकची घरटी उन्हात भट्टीसारखी तापतात, पुठ्ठ्याची पहिल्या पावसात कोसळतात. ती फुकट मिळाली तरी घेऊ नयेत.

दयाळासाठी हीच पेटी चालते, फक्त भोक पाच ते सहा सेंटिमीटरचे करावे किंवा पुढच्या फळीचा वरचा अर्धा भाग उघडा ठेवावा. त्या पेटीत साळुंकीही येऊ शकते आणि आल्यास तिला राहू द्यावे. दयाळ आपल्या हद्दीत दुसरी जोडी खपवून घेत नाही, म्हणून एका अंगणात त्याची एकच पेटी पुरे. चिमण्या मात्र शेजाराने राहतात, तेव्हा त्यांच्यासाठी दोन-तीन पेट्या थोड्या-थोड्या अंतरावर लावल्यास त्या भरण्याची शक्यता वाढते.

टांगण्याची उंची अडीच ते तीन मीटर असावी. तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला करावे, कारण आपला मोसमी पाऊस नैऋत्येकडून झोडपतो आणि दुपारचे ऊनही पश्चिमेचेच. पेटी भिंतीवर स्क्रूने घट्ट बसवावी. झाडाला लावायची असल्यास खिळे न ठोकता रुंद पट्ट्याने बांधावी. झोके घेणारी पेटी पक्ष्यांना आवडत नाही. पेटीच्या समोर उडण्याचा मार्ग मोकळा असावा, पण भोकापर्यंत मांजर पोहोचेल असा कट्टा, ग्रिल किंवा फांदी जवळ नसावी. व्हरांड्यात पेटी लावणाऱ्यांनी छतावरच्या पंख्याचा आधी विचार करावा, कारण घरात घरटे करणाऱ्या चिमण्या पंख्याच्या पात्याला आपटून मरतात. पंखा आणि पेटी एका ठिकाणी नकोच.

पेटीत गवत, कापूस किंवा दोरे घालून ठेवू नयेत. सामान निवडण्याचे काम नर-मादी स्वतः करतात, आणि दोऱ्यात पिल्लांचे पाय अडकतात. अंगणात वाळके गवत आणि नारळाचा काथ्या थोडा पसरून ठेवला तर ती हवे तेवढे उचलतात. चिमणी साधारण तीन ते पाच अंडी घालते, ती ११ ते १४ दिवस उबवली जातात आणि त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांत पिल्ले उडतात. या काळात छप्पर उघडून पाहणे, मोबाइलचा प्रकाश पाडणे, छायाचित्रासाठी फांद्या छाटणे हे सारे टाळावे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ यानुसार वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना इजा करणे अथवा त्यांना त्रास देणे याचा समावेश शिकारीच्या व्याख्येत होतो, हेही लक्षात ठेवावे. आणि पेटी पहिले वर्षभर रिकामी राहिली तर जागा बदलण्याची घाई करू नये.

दाणे आणि फळे

पाणी, झाडे आणि घरटे यांची सोय झाल्यावर दाणे ठेवायला हरकत नाही. बाजरी, राळे आणि तांदळाच्या कण्या एवढे धान्य पुरे. शेव, फरसाण, बिस्किटे, पाव, मीठ असलेले शेंगदाणे, दूध आणि बुरशी आलेला शिळा भात किंवा पोळी कधीही ठेवू नये. कोकणात नवे भात आले की दारावर त्याच्या लोंब्या बांधण्याची रीत आहे आणि चिमण्या त्यावर लोंबकळून दाणे टिपतात. अशी एखादी जुडी मिळाली तर ती कोणत्याही विकतच्या फीडरपेक्षा सरस.

फीडरच हवा असेल तर तो पारव्यांना अडवणारा असावा. दाण्यांच्या नळीभोवती सुमारे चार सेंटिमीटर चौकोनांच्या तारेच्या जाळीचा पिंजरा बसवला की चिमणी आणि मुनिया आत जातात, पारवा बाहेर राहतो. पारव्यांना दाणे घालणे मी कोणालाही सुचवणार नाही. त्यांची विष्ठा आणि पिसे यांमुळे काही माणसांना फुप्फुसांचा गंभीर विकार जडतो, आणि मुंबईतल्या कबुतरखान्यांचा वाद २०२५ मध्ये उच्च न्यायालयापर्यंत गेला तो याच कारणाने. जाळी लावूनही पारवे खाली सांडलेल्या दाण्यांवर जमू लागले तर फीडर महिनाभर उतरवून ठेवावा.

सकाळी मूठभर दाणे घालावेत आणि ते दोन तासांत संपत नसतील तर प्रमाण कमी करावे. संध्याकाळी उरलेले दाणे उचलले नाहीत तर रात्री उंदीर येतात आणि उंदरांमागून साप. फळांसाठी पिकलेल्या केळ्याचा, पपईचा किंवा पेरूचा तुकडा फांदीच्या टोकाला खोचावा; बुलबुल त्याचा माग लवकर काढतात. पावसाळ्यात दाणे भिजून बुरशी धरतात आणि बाहेर किड्यांची रेलचेल असते, तेव्हा जून ते सप्टेंबर फीडर बंदच ठेवावा. एरवी तो दर आठवड्याला साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवावा. आसपास पक्षी मरून पडलेले दिसले तर दाणे आणि पाणी दोन्ही काढून घ्यावे, मृत पक्ष्याला उघड्या हाताने स्पर्श करू नये आणि पशुसंवर्धन विभागाला कळवावे. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यात बर्ड फ्लू आढळला होता, तेव्हा ही काळजी अवाजवी नाही.

काच, मांजर आणि मांजा

पक्षी येऊ लागले की खिडकीच्या काचेवर आपटण्याचा धोकाही वाढतो, कारण काचेत त्यांना आकाश दिसते. काचेच्या बाहेरच्या बाजूने पाच-पाच सेंटिमीटर अंतरावर पांढरे ठिपके चिकटवले की आपटणे बरेच थांबते. एकटाच ससाण्याचा स्टिकर लावून उपयोग होत नाही. पाळीव मांजर सकाळ-संध्याकाळ घरात ठेवावे. संक्रांतीनंतर झाडांत अडकलेला मांजा काठीने काढून कापून टाकावा.

पिल्लू खाली पडले तर

पिसे आलेले, आखूड शेपटीचे आणि टुणटुण उडणारे पिल्लू जमिनीवर दिसले तर ते बहुधा हरवलेले नसते. उडायला शिकत असते आणि आईबाप जवळूनच त्याला भरवत असतात. मांजराला दूर ठेवावे आणि आपणही दूर व्हावे. पिसे नसलेले पिल्लू मात्र घरट्यातून पडलेले असते आणि घरटे सापडल्यास ते अलगद परत ठेवावे. माणसाचा हात लागलेल्या पिल्लाला आई टाकून देते हा समज खोटा आहे. पिल्लू जखमी असेल तर पाणी किंवा दूध तोंडात न ओतता, छिद्रे पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवावे आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर संपर्क साधावा.

चिमण्या एकाच पेटीत एकामागून एक दोन-तीन विणी घालतात, त्यामुळे पेटी साफ करण्याची घाई नको. पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरच्या अखेरीस, सलग दोन-तीन सकाळी कोणी आत-बाहेर करत नाही याची खात्री करावी. मग नाका-तोंडाला मास्क आणि हातात मोजे घालून जुने गवत काढावे, पेटीत उकळते पाणी ओतून पिसवा आणि गोचिडी माराव्यात, ती दोन दिवस उन्हात वाळवावी, सैल झालेले स्क्रू आवळावेत आणि पुन्हा त्याच जागी टांगावी.